कोयत्यांची मोजणी आणि माणसांची शिरगणती

लोकसंख्येच्या अभ्यासातील देशातील अग्रगण्य संस्था महाराष्ट्रात आहेत. तरीही मराठवाड्यातून दरवर्षी उसाच्या फडावर जाणारी माणसे नेमकी किती, याचे खात्रीचे उत्तर राज्यापाशी नाही. २०२७च्या जनगणनेच्या निमित्ताने लोकसंख्या भूगोल आणि लोकसंख्याशास्त्र या विषयांच्या पदव्युत्तर शिक्षणाकडे नव्याने पाहण्याची गरज निर्माण झाली आहे.

तेर (जि. धाराशिव), विशेष प्रतिनिधी

दसरा सरला की तेरणा आणि मांजरा नद्यांच्या खोऱ्यांतील वाड्या-वस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण, धान्याची पोती आणि लहानगी मुले यांसह गाडीत बसतात आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, अहिल्यानगर किंवा थेट कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या दिशेने निघतात. मागे उरतात ती म्हातारी माणसे, शाळेसाठी आजी-आजोबांजवळ ठेवलेली काही मुले आणि कुलूप लावलेली घरे. ही कुलपे उघडतात ती गळीत हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये.

केंद्र सरकारने १६ जून २०२५ रोजी काढलेल्या अधिसूचनेनुसार देशाच्या पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ असा असून, प्रत्यक्ष लोकगणनेसाठी त्याआधीचा फेब्रुवारी महिना ठरविण्यात आला. २०११ मध्येही ९ ते २८ फेब्रुवारी या काळातच गणना झाली होती. म्हणजे मराठवाड्यातील लाखो माणसे ज्या महिन्यात घराबाहेर असतात, नेमक्या त्याच महिन्यात प्रगणक त्यांच्या दारात उभा राहतो. कुलूप लावून गेलेल्या कुटुंबाची नोंद मग कुठे होते, आणि ती होतेच याची खात्री कोण देणार, हा प्रश्न वरवर पाहता प्रशासकीय वाटतो. प्रत्यक्षात तो एका ज्ञानशाखेचा प्रश्न आहे. ही ज्ञानशाखा शिकविली कुठे जाते, शिकतो कोण आणि शिकून तो परत कुठल्या गावी जातो, यावर त्याचे उत्तर अवलंबून आहे.

एक कोयता म्हणजे किती माणसे?

ऊसतोडणीच्या व्यवहारात मजुरांची मोजणी 'कोयत्या'ने होते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असेल तर अर्धा. मुकादमाची उचल, टोळीचा आकार, कारखान्याचा हिशेब सारे कोयत्यांवर चालते. या हिशेबात स्त्री ही स्वतंत्र कामगार म्हणून उभीच राहत नाही आणि मोळ्या बांधू लागणारे बारा-तेरा वर्षांचे पोर तर कागदावर येतच नाही. राज्यातील ऊसतोड मजुरांची संख्या आठ-दहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सांगितली जाते. अंदाजांमध्ये काही लाखांचे अंतर असावे, यातच या समाजघटकाची अवस्था स्पष्ट होते.

मोजणी नसली की प्रश्नही दिसत नाहीत. बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये गाजला, तेव्हा राज्य सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्या वेळी झालेल्या पाहणीत ८२ हजार ३०९ महिलांपैकी १३ हजार ८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. हे प्रमाण जवळपास १७ टक्के होते. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. दोन्ही आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. त्यासाठी आधी वयोगट जुळवून घ्यावे लागतात. ते कसे जुळवायचे, हे लोकसंख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकविले जाते. मात्र अशी पाहणी करावी, हे कुणाला सुचण्यासाठी वृत्तपत्रांतून आरडाओरडा व्हावा लागला, ही बाब अधिक गंभीर आहे.

कोयत्याची ही पद्धत विवाहाच्या वयापर्यंत पोहोचते. उचल जोडप्याला मिळते. म्हणून मुलगा हाताशी आला की त्याचे लग्न लवकर उरकण्याकडे कल असतो. गावी एकटी ठेवण्यापेक्षा मुलीचे हात पिवळे केलेले बरे, हा विचारही त्यात असतो. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षाआधी झालेला होता. बीडमध्ये हेच प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते. विवाहाचे वय, जन्मदर, मातेचे आरोग्य, मुलांची शाळा आणि स्थलांतर हे सगळे धागे इथे एकमेकांत गुंतलेले आहेत. ते सोडविण्याचे काम एकट्या अर्थशास्त्राचे नाही आणि एकट्या भूगोलाचेही नाही.

कुलूप आणि खाना

जनगणनेची आजवरची पद्धत अशी की, गणनेच्या काळात जो घरी असेल किंवा त्या काळात घरी परतेल, त्याची नोंद त्या घरात होते. संपूर्ण काळ जो बाहेर असेल, तो जिथे असेल तिथे मोजला जावा, असा नियम आहे. या नियमानुसार धाराशिवचा मजूर कोल्हापूरच्या फडावरील कोपीत मोजला गेला पाहिजे. पण टोळी आज या शिवारात, आठ दिवसांनी पुढच्या. पहाटे अंधारात तोडणीला निघालेली आणि रात्री गाडी भरून परतलेली. प्रगणक दिवसा येणार. गावाकडचा प्रगणक कुलूप पाहून पुढे जातो आणि फडाकडच्या प्रगणकाच्या नकाशात कोपी नसते. माणूस दोन्हीकडून निसटण्याचा धोका असा तयार होतो.

तो निसटला नाही, तरी अडचण संपत नाही. जनगणनेत स्थलांतरिताला त्याचे आधीचे राहण्याचे ठिकाण, येण्याचे कारण आणि इथे येऊन किती काळ झाला, हे विचारले जाते. 'एक वर्षाहून कमी' या खान्यात चार महिन्यांसाठी आलेला तोडणी मजूर आणि बदली होऊन आलेला बँकेचा कारकून शेजारी-शेजारी बसतात. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८च्या फेरीत अल्पकालीन स्थलांतराची वेगळी नोंद केली. त्यात एक महिना ते सहा महिन्यांच्या आत कामासाठी बाहेर राहिलेली माणसे धरली गेली. ही सुधारणा मोलाचीच होती. पण हंगाम सहा महिन्यांच्या पुढे लांबला, तर तोच मजूर व्याख्येबाहेर जातो.

या आकड्यांवर रोजचे जगणे अवलंबून असते. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये आला. त्याखालील महाराष्ट्राची सुमारे सात कोटी लाभार्थ्यांची मर्यादा २०११च्या लोकसंख्येवरून ठरली. ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत राज्य सरकारने २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे उभारण्याचे ठरविले. कोणत्या तालुक्यात किती मुले मागे राहतात आणि किती फडावर जातात, हे ठाऊक नसेल तर अशा योजनेत खोल्या किती बांधायच्या, हे अंदाजानेच ठरते.

आकडा वाचण्याची विद्या

धाराशिव जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १४ लाख ८६ हजार ५८६ होती. २०११ मध्ये ती १६ लाख ५७ हजार ५७६ झाली. दहा वर्षांतील ही वाढ साडेअकरा टक्के. त्याच दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी आणि पुणे जिल्ह्याची ३० टक्क्यांनी वाढली. मग धाराशिवमध्ये मुले कमी जन्मली, की माणसे गाव सोडून गेली? लोकसंख्याशास्त्राचे मूळ समीकरण साधे आहे. जन्म वजा मृत्यू, अधिक आलेले, वजा गेलेले. जनगणनेचा एकूण आकडा या चारही गोष्टींचा निव्वळ परिणाम दाखवितो. त्या वेगळ्या करून दाखवीत नाही. वेगळ्या करण्यासाठी जन्म-मृत्यूची नोंदणी, वय-लिंग मनोरा आणि दोन जनगणनांमधील वयोगटांची तुलना हाती घ्यावी लागते. मनोऱ्याची कंबर वीस ते चाळीस या वयांत बारीक झालेली दिसली, तर माणसे बाहेर गेली असे समजावे. पाया आक्रसलेला दिसला, तर जन्म कमी झाले. दोन्ही एकदम घडत असतील, तर नेमके किती हे, हे ठरविण्यासाठी प्रशिक्षित माणूस लागतो.

याच जनगणनांनी आणखी एक बाब पुढे आणली. शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण धाराशिव जिल्ह्यात २००१ मध्ये ८९४ होते. २०११ मध्ये ते ८६७ वर आले. शेजारच्या बीडमध्ये ते ८०७ पर्यंत घसरले. हा आकडा हाती आला म्हणून सोनोग्राफी केंद्रांवर लक्ष गेले. नोंद झाली तर कारवाईची शक्यता तरी निर्माण होते.

जिल्ह्यांच्या बदलत्या सीमाही अभ्यासकाला चकवितात. १६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. ही गोष्ट विसरून १९८१ आणि १९९१चे आकडे शेजारी मांडले, तर जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत जवळजवळ निम्मी झालेली दिसते. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. गावाचे नाव जुने, पण नकाशावरची जागा नवी. त्याही मागे गेले, तर हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९११ मध्ये या संस्थानाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ३४ लाख होती. १९२१ मध्ये ती १ कोटी २५ लाखांच्या आसपास आली. मधल्या काळात १९१८ची इन्फ्लुएन्झाची साथ येऊन गेली होती. लोकसंख्या भूगोल हा विषय आकड्याला असा काळ आणि जागा जोडून देतो.

देवनार आणि पुण्याचा वारसा

या विषयाच्या शिक्षणाची महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. मुंबईत १९५६ मध्ये भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे आणि सर दोराबजी टाटा न्यास यांच्या सहकार्याने लोकसंख्याविषयक प्रशिक्षण आणि संशोधन केंद्र सुरू झाले. देवनार येथील आजची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती हीच. १९८५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आशिया आणि पॅसिफिक विभागातील देशांचे विद्यार्थी इथे शिकून गेले. १९९२-९३ पासूनच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांचे सूत्रसंचालन याच संस्थेने केले आणि त्या पाहण्यांवर देशाचे आरोग्य धोरण बेतले गेले.

पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांच्या काळापासून प्रत्यक्ष पाहणीचा शिरस्ता पडला होता. वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर यांनी पुणे जिल्ह्यातील जनन आणि मृत्यू यांची केलेली पाहणी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. कुमुदिनी दांडेकर यांनी पुढे सहा ग्रामीण वस्त्यांचा लोकसंख्याशास्त्रीय अभ्यास केला आणि १९७५ मध्ये भारतातील स्त्रियांचे प्रमाण का घटते आहे, हा प्रश्न थेट मांडला. इरावती कर्वे आणि जाई निंबकर यांनी कोयना धरणामुळे उठलेल्या माणसांची पाहणी केली; ती १९६९ मध्ये प्रकाशित झाली. या साऱ्यांनी घरोघर जाऊन विचारपूस केली. तयार तक्त्यांवर त्यांनी समाधान मानले नाही.

भूगोलाच्या बाजूने हा विषय थोडा उशिरा आला. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ ग्लेन ट्रेवार्था यांनी १९५३ मध्ये भूगोलात लोकसंख्येला मध्यवर्ती स्थान द्यावे, अशी मांडणी केली. त्यांचे विद्यार्थी गुरुदेवसिंग गोसल यांनी चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात हा अभ्यास रुजविला आणि तिथून तो देशभरातील भूगोल विभागांत पोहोचला. आज राज्यातील एम.ए., एम.एस्सी. भूगोलाच्या अभ्यासक्रमांत लोकसंख्या भूगोल सर्वत्र परिचित आहे.

दोन विषय, दोन वाटा

अडचण इथेच आहे. लोकसंख्याशास्त्र देवनारला शिकविले जाते. त्याची भाषा इंग्रजी आणि पाया संख्याशास्त्राचा. लोकसंख्या भूगोल जिल्ह्या-जिल्ह्यांतील महाविद्यालयांत शिकविला जातो. त्याची भाषा बहुतांशी मराठी आणि पाया नकाशाचा. पहिल्याकडे पद्धत आहे, पण कोयत्याची आणि उचलीची बोली त्याला परकी. दुसऱ्याचा विद्यार्थी त्याच गावांतून आलेला, कित्येकदा फडावर वाढलेला. पण जीवनसारणी कशी मांडावी किंवा नमुना कसा निवडावा, याचे पुरेसे शिक्षण त्याला मिळत नाही. परिणामी जिल्ह्याच्या लोकसंख्येची घनता, साक्षरता, लिंग-गुणोत्तर यांचे जनगणनेतून उतरविलेले तक्ते आणि त्यावर रंगविलेले नकाशे, एवढ्यावर अनेक शोधनिबंध थांबतात. नव्या जनगणनेअभावी हे तक्तेही २०११चेच राहिले. त्या जनगणनेतील स्थलांतराचे काही तपशीलवार तक्ते हाती यायला तर २०१९ उजाडले.

धाराशिव जिल्ह्यात दोन्ही वाटा जवळ येण्याची सोय आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर जिल्ह्याच्या ठिकाणी आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर तुळजापुरात आहे. २०१८ मध्ये केंद्राने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे होते, त्यांत हा एक. शिकण्यासाठी प्रश्न आणि शिकविण्यासाठी संस्था दोन्ही इथे हजर आहेत.

दोन याद्यांची पद्धत

मोजता न येणारी माणसे मोजण्याची एक युक्ती याच परंपरेने जगाला दिली आहे. देवनारच्या संस्थेचे पुढे संचालक झालेले सी. चंद्रशेखरन यांनी विल्यम एडवर्ड्स डेमिंग यांच्यासमवेत १९४९ मध्ये एक सूत्र मांडले. कोलकात्याजवळच्या सिंगूर भागातील जन्म-मृत्यूंच्या दोन स्वतंत्र याद्या त्यांनी ताडून पाहिल्या. दोन्ही याद्यांत किती नावे समान आहेत, यावरून दोन्हींतून सुटलेल्यांचा अंदाज बांधता येतो, असे त्यांनी दाखविले.

उदाहरणादाखल समजा, एका गावाच्या यादीत ऊसतोडीला गेलेले १०० जण आहेत, कारखान्याकडील यादीत त्याच गावचे ८० आणि दोन्हींत समान नावे ६०. कारखान्याच्या ८० जणांपैकी गावाच्या यादीने ६० पकडले, म्हणजे तीनचतुर्थांश. तेव्हा गावाच्या यादीतील १०० हेही खऱ्या संख्येच्या तीनचतुर्थांश धरावेत. खरी संख्या सुमारे १३३. तेहेतीस माणसे गावाच्या यादीतून सुटली होती आणि त्यांतील सुमारे तेरा जण कोणत्याच यादीत नव्हते. दोन्ही याद्या एकमेकींवरून उतरविलेल्या नसाव्यात, ही यातली मुख्य अट. तसे झाले तर सुटलेला माणूस सुटलेलाच राहतो.

या पद्धतीला लागणारी साधने आज हाताशी येऊ लागली आहेत. ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे देण्याचा निर्णय राज्य सरकारने २०२१ मध्ये घेतला. दुसरीकडे कारखाने आणि मुकादम यांच्यातील करारांची कागदपत्रे असतात. कोयत्यांमागची नावे, त्यांत स्त्रियांची आणि मुलांची स्वतंत्र नावे मिळविणे हे खरे काम. ते परक्या प्रगणकापेक्षा त्या गावचा भूगोलाचा विद्यार्थी अधिक चांगले करू शकतो. पदव्युत्तर वर्गातील प्रत्येक विद्यार्थ्याने दसऱ्याआधी एका गावाची आणि जानेवारीत एका फडाची यादी करावी, देवनार आणि पुण्याच्या तज्ज्ञांनी त्यांना नमुना निवडण्याचे व याद्या जुळविण्याचे शिक्षण द्यावे, आणि व्यक्तींची नावे गुप्त ठेवून निष्कर्ष ग्रामपंचायतीपुढे मराठीत मांडले जावेत. याला फार मोठा खर्च लागत नाही. दोन विद्याशाखांनी एकमेकींचा उंबरठा ओलांडणे मात्र लागते.

तगरची साक्ष

असा अभ्यास सुरू करण्यासाठी तेरइतके योग्य ठिकाण सापडणे कठीण. धाराशिवपासून वीसेक किलोमीटरवरचे, संत गोरोबाकाकांचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर, हे जॉन फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले. पहिल्या शतकातील एका अज्ञात ग्रीक खलाशाच्या वृत्तांतात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवरचे मोठे नगर म्हणून तगरचा उल्लेख येतो. इथले जाडेभरडे कापड आणि तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदरात जाई. पुढे कोकणात आणि कोल्हापुरात राज्य करणारे शिलाहार राजे आपल्या ताम्रपटांत स्वतःला तगर नगरीचे अधीश्वर म्हणवून घेत. गाव सोडून गेलेल्या माणसांनी गावाचे नाव शेकडो वर्षे सोबत बाळगल्याचा हा लेखी पुरावाच म्हणावा लागेल. राजांच्या स्थलांतराची नोंद ताम्रपटात राहिली. गाड्या हाकणाऱ्यांची आणि सूत कातणाऱ्यांची राहिली नाही.

आजही इथे दोन्ही प्रवाह भेटतात. तेरणा धरणाच्या पाण्यावर या पट्ट्यात ऊस उभा राहिला. शेजारच्या ढोकीचा तेरणा साखर कारखाना मधली अनेक वर्षे बंद राहिला. त्याच वेळी कळंब, भूम, वाशी, परंडा या तालुक्यांतून तोडणीसाठी माणसे बाहेर जातात. ऊस असलेला मुलूख आणि ऊस तोडायला जाणारा मुलूख एकाच जिल्ह्यात आहेत.

तेरच्या वस्तुसंग्रहालयाला रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव आहे. शेतात, पांढरीच्या ढिगाऱ्यांत सापडणारी मातीची खेळणी, मणी, नाणी त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केली. म्हणूनच त्यांतील बरेच काही विखरून जाण्यापासून वाचले. ते याच गावचे. गावच्या माणसाने गावच्या वस्तू जपल्या, तेव्हा तज्ज्ञांना अभ्यासासाठी काही उरले.

माणसांच्या बाबतीत तेच करायचे आहे. फेब्रुवारी २०२७ची गणना ही सरकारची जबाबदारी आहे आणि ती पार पडेलच. पण तिचे आकडे प्रसिद्ध होतील तेव्हा धाराशिवच्या रकान्यात जी माणसे कमी दिसतील ती जन्मली नाहीत, मेली, की फडावर होती, हे सांगणारे कुणीतरी जिल्ह्यातच असले पाहिजे. त्यासाठीच्या याद्या २०२६चा हंगाम सुरू होण्याआधी, दसऱ्यापूर्वीच्या गावातून कराव्या लागतात. गाड्या एकदा निघाल्या की गावात मोजायला उरतात ती कुलपे.